कुलूप नसलेला गाळा

नोरीन एन्टविसलने ते भांडण चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. बेकपच्या खोऱ्यातल्या जुन्या सूतगिरणीत पत्रे ठोकून गाळे पाडलेले, लोकांना सामान ठेवायला भाड्याने द्यायचे. पत्रे छतापर्यंत पोचलेले नव्हते, वर नुसती जाळी. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे झाडणाऱ्या बाईच्या तोंडून "देव भलं करो" निघून जायचं. तशीच ती त्या दिवशी झाडत होती, आणि पत्र्यापलीकडे एक भाऊ आणि एक बहीण, दोघंही केस पिकायला लागलेले, आईच्या सामानावरून भांडत होते.

"डिनर सेट तू ने, जिल."

"मी का? थोरला तू. आईने तुझ्यासाठीच ठेवला होता."

"माझ्या घरात दोन बशा आहेत. एक माझी, एक मांजराची."

"मग मांजराला म्हणावं, दहाबारा जणांना जेवायला बोलाव."

"थट्टा पुरे. ने म्हणतो ना."

"ने, ने! नेऊन ठेवू कुठे, डोक्यावर? शिवणयंत्र तू घे, मग बघते."

"शिवणयंत्राचं मी काय करू?"

"डोळे शिव स्वतःचे. नाहीतरी त्यांचा उपयोग काय? आई गेली त्या दिवशी टिपूस आलं नाही त्यांतून."

नोरीनचा झाडू थांबला होता, तो तिने पुन्हा हलवला, उगाच कुणाला संशय नको.

"नाही आलं," भाऊ म्हणाला. "येईल म्हणून वाट बघतोय."

"अजून?"

"अजून."

मग दोघं गेली. जाताना दाराचं कुलूप तेवढं काढून नेलं. डिनर सेट, शिवणयंत्र, लोकरीचे गुंडे, उशा, सगळं होतं तिथे राहिलं. "मला हवं" म्हणून झालेली भांडणं नोरीनने पुष्कळ ऐकली होती. "मला नको" म्हणून इतकं कडाडून भांडणारी ही पहिलीच.

गाळा सोडताना कुणी सामान टाकून गेलं की ते गिरणीच्या दारातल्या मोठ्या लोखंडी पेटीत जायचं, आणि पेटी भरली की ट्रक येऊन डोंगरापलीकडच्या खड्ड्यात ते गाडायला न्यायचा. मालक मिस्टर क्रॅबट्री यांनी पहिल्याच दिवशी तसं सांगून ठेवलं होतं. नोरीनने डिनर सेट उचलला, पेटीपर्यंत नेला, आणि तिथे तिचे हात काही सुटेनात. दया आली वगैरे म्हणाल तर तसं नाही. शाळा सुटल्या सुटल्या ती सपातांच्या कारखान्यात लागली होती, आणि तिथे कातड्याचा बोटभर तुकडा केरात गेला तरी मुकादमीण कान धरायची. हातांना टाकायची सवयच नव्हती. तिने सेट परत आणला, दारातल्या टेबलावर मांडला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: लागेल त्याने न्यावं.

संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं. मेथडिस्ट चर्चच्या बायका सेट घेऊन गेल्या. कुणी मेलं की त्यांच्या हॉलमध्ये हॅमचा पाव आणि आल्याचा केक असतो, तो अजूनही त्या ताटांतच मिळतो.

दुसऱ्या दिवशी टेबलावर उशा आल्या, मग एक शिडी, मग कुणाचा तरी पोपटाचा पिंजरा. क्रॅबट्री आले, पिंजऱ्याकडे बघत उभे राहिले.

"नोरीन, माझ्या दारात जत्रा भरवलीस होय?"

"जत्रेला तिकीट नाही, मिस्टर क्रॅबट्री. आणि पेटीत बघा, अर्धी रिकामी आहे. ट्रक या आठवड्यात यायला नको."

क्रॅबट्रींनी पेटीत डोकावून पाहिलं. ट्रकची प्रत्येक खेप त्यांच्या खिशातून जायची. ते काही बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे हो, हे खोऱ्यातल्या कुणालाही कळतं.

तिथून ते सुरू झालं. टेबलाची मांडणी झाली, मांडणीचा एक अख्खा कोपरा झाला. कपडे हॉस्पिसच्या दुकानात, तिथे जुनं विकून आलेले पैसे शेवटच्या आजारातल्या रोग्यांसाठी जातात; लोखंड भंगारवाल्याकडे, रंगाचे अर्धे डबे शाळेला, आणि जे खरंच कुणाच्या कामाचं नाही तेवढंच पेटीत. खोकी तर नोरीन टाकूच द्यायची नाही. लोक खोक्यांवर लिहितात, आईचं स्वैपाकघर, बाबांची पुस्तकं, नाजूक, जपून. ते वाचत दुसऱ्याने आपलं सामान भरायचं म्हणजे परक्याची चादर पांघरल्यासारखं. म्हणून ती खोक्याचा चिकटवलेला जोड सुरीने उघडायची, सबंध खोकं उलटं करायची, आतली कोरी बाजू बाहेर, आणि पुन्हा चिकटपट्टी लावायची. लिहिलेलं आत गेलं. एकेक खोकं असं चारपाच घरं फिरायचं, तळ सुटेपर्यंत.

क्रॅबट्रींना पुढे या सगळ्याचा चांगलाच नाद लागला. छपरावर उन्हावर वीज करणारी तावदानं बसली, ऊन तिथे क्वचितच पडतं हा भाग वेगळा. पावसाचं पाणी पिंपांत साठायला लागलं, त्याला मात्र तोटा नव्हता. गाळ्यांमधल्या वाटांना नवे दिवे आले, माणूस चालला की लागणारे आणि हालचाल थांबली की आपोआप विझणारे. वर्तमानपत्रात क्रॅबट्रींचा फोटो आला, हातात उलटं केलेलं खोकं. त्या फोटोत कडेला नोरीनचं कोपर दिसतं. विल्फने तो कापून फ्रिजवर लावला होता. "एवढं सुंदर कोपर बेकपमध्ये दुसरं नाही," असं येईल त्याला सांगायचा.

विल्फ म्हणजे तिचा नवरा. सपातांच्या कारखान्यातच भेटलेला; तो तळ कापायचा, ती वरचा भाग शिवायची. मूलबाळ झालं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा विल्फने टाकून दिलेले लाकडी साचे गोणीत भरून घरी आणले, पायाच्या आकाराचे, गुळगुळीत झालेले. "हे कशाला?" तिने विचारलं. "एकटे पडतील," तो म्हणाला. असा माणूस. तो एका मंगळवारी परसात कांद्याच्या वाफ्याशी बसला, तो उठलाच नाही.

प्रेतयात्रेला सगळं खोरं आलं. नोरीनने सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, धुतले. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल. ती म्हणाली, येईल. आठवडे गेले, आलं नाही. दुःख नव्हतं असं नाही, पण ते कुठे ठेवलंय तेच सापडेना. हिवाळ्यात सपातेतून पाय काढला आणि गारठून बधिर झालेला आपलाच पाय आपल्याला लागेना, तसं. घरात विल्फचा कोट खुंटीला दिसे, ती बघे आणि पुढे जाई. शेवटी तिने सगळं आवरून गिरणीत आणलं: त्याची खुर्ची, साच्यांची गोणी, कपड्यांची खोकी, आणि शेवटच्या दिवसांतले कपडे भरलेली एक पिशवी, गाठ मारलेली. जिन्याखाली एक गाळा होता, छत इतकं बुटकं की भाड्याने जात नव्हता. क्रॅबट्री म्हणाले, वापर. दुसऱ्या कुणाला तिने सांगितलं नाही.

दुपारच्या सुट्टीत ती तिथे जाऊन विल्फच्या खुर्चीत बसायची, चीज-कांद्याचा पाव खायची. थोड्या वेळाने दिवा विझायचा, कारण दिव्याला वाटायचं इथे कुणी नाही. मग हात हलवायचा, की लागला. नंतर नंतर ती हात हलवेनाशी झाली. अंधारात पाव खायला काही अडत नाही.

ती गाठ मारलेली पिशवी मात्र तिने उघडली नव्हती. तिच्यात त्याचा वास असणार हे तिला ठाऊक होतं. वास एकदाच मिळतो, नंतर उडून जातो. तेव्हा ते एक तिने राखून ठेवलं होतं: ज्या दिवशी आपण तयार होऊ त्या दिवशी ही गाठ सोडायची, आणि मग जे यायचं ते येईल. या एका पिशवीवर तिची सारी भिस्त होती.

इम्तियाज गिरणीत आला तो विल्फ गेल्यानंतर. चाळिशी उलटलेला, दाढी नीट कातरलेली, आधी टॅक्सी चालवायचा. नोरीनला पहिल्या दिवसापासून आंटी म्हणायला लागला.

"आंटी कुणाची रे? तुझ्यापेक्षा दोन बोटांनी उंच आहे मी."

"उंचीने नाही, आंटी, दराऱ्याने. माझी सख्खी आत्या अशीच आहे. तिच्यासमोर चहाची पिशवीसुद्धा पिळून टाकावी लागते."

"मग शहाणी आहे तुझी आत्या. पिळून झाल्यावर ती कुंडीत टाकते का?"

"हे बघा! सुटका नाही माझी."

तिने त्याला सगळं शिकवलं. खोकं कसं उलटं करायचं, नाजूक सामानाला लपेटायच्या फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकची गुंडाळी कशी करायची, कुठली गादी चालते, कुठली नाही. आणि सगळ्यात पक्का नियम: दाराला कुलूप नाही म्हणजे गाळा सोडलेला. भाडेकरू विसराळू, सांगून जात नाहीत, पण जाणारा माणूस स्वतःचं कुलूप नेल्याशिवाय राहत नाही. कुलूप असेल तर हात लावायचा नाही, वर्ष होवो की दोन. कुलूप नसेल तर विचारत बसायचं नाही. त्याच दिवशी आत जे असेल ते निवडायचं, वाटायचं, गाळा झाडून ठेवायचा.

"आणि कुणाची चूक झाली असेल तर?" इम्तियाजने विचारलं होतं.

"कुलूप लावायला विसरणारा माणूस मी अजून पाहिला नाही," नोरीन म्हणाली.

एका शुक्रवारी दुपारी एक नवं जोडपं सामान घेऊन आलं. बाई पोटुशी, नवरा घामाघूम, बाहेर पाऊस, आणि कुलूप आणायला विसरलेले. काउंटरवर नवी कुलपं होती, कडक प्लास्टिकच्या खोळीत बंद केलेली. ती खोळ नोरीनला बघवत नसे. भंगारातून वेचलेल्या जुन्या कुलपांचा तिच्याकडे एक ट्रे होता, पण त्या दिवशी त्यात किल्लीचं असं एकही निघालं नाही.

"थांबा," ती म्हणाली. जिन्याखाली गेली, आपल्या गाळ्याचं कुलूप काढलं आणि त्यांना दिलं. "सोमवारी आपलं घेऊन या आणि हे मला परत करा. त्यासाठी नवं कशाला विकत घेता?"

"किती चांगल्या आहात हो तुम्ही," ती पोटुशी म्हणाली.

आपल्या दाराला ती काथ्याचा तुकडा बांधणार होती. तेवढ्यात कुणाचं तरी कपाट जिन्यात अडकलं, ओरडा झाला, ती धावली. मग घरी जायची वेळ झाली. शनिवार तिच्या सुट्टीचा. शनिवारची फेरी इम्तियाजची.

सोमवारी सकाळी ती आली तर इम्तियाज चहा करून वाट बघत होता, लग्नातल्या नवरदेवासारखा खुललेला.

"आंटी, बसा आधी. जिन्याखालचा तो बुटका गाळा माहितीय ना? सोडून गेलं कुणीतरी. कुलूप नव्हतं. शनिवारी दिवसभर तेच केलं. आणि ऐका, पेटीत काय गेलं सांगू? काही नाही! एक काडीसुद्धा नाही!"

नोरीनने कप घेतला.

"काही नाही?"

"काही नाही. खुर्ची दुपारीच गेली, कॉलेजची दोन मुलं उचलून घेऊन गेली, पावसात, डोक्यावर धरून. लाकडाचे पाय होते गोणीभर, मला आधी भीतीच वाटली! ते एका बाईने नेले, दिवे करणार म्हणते त्यांचे. कपडे सगळे हॉस्पिसला पोचवले. खोकी उलटी करून रचून ठेवलीत, तीन तर गेलीसुद्धा. कुणा म्हाताऱ्याचं सामान होतं बहुतेक. नीट घडी केलेलं सगळं, बिचारा."

"पिशवी होती एक? गाठ मारलेली?"

"होती की. तीही दिली. का हो, काही चुकलं?"

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. खोकं सुरीने कापताना पहिल्या महिन्यात त्याने आपला अंगठा कापून घेतला होता, त्याची खूण अजून दिसत होती.

"नाही," नोरीन म्हणाली. "छान केलंस."

ती जिन्याखाली गेली. गाळा झाडलेला, कोपऱ्यातलं जाळंसुद्धा काढलेलं. तिने शिकवलं तसंच, किंबहुना थोडं जास्तच नीट. ती आत उभी राहिली. दिवा लागला, आणि काही वेळाने विझला. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. काही झालं नाही. मग तिने कोट चढवला आणि इम्तियाजला म्हणाली, "जरा गावात जाऊन येते."

हॉस्पिसच्या दुकानात थेल्मा पिकप काउंटरवर असते. थेल्मा आणि नोरीन कारखान्यात एका बाकावर शिवायच्या. नोरीन दारातून आत आली तशी थेल्माने काउंटर सोडून येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"आणलंस एकदाचं! पिशव्या उघडल्या आणि विल्फचा कोट बघितला, मी म्हटलं, देवा, नोरीनने मन घट्ट केलं शेवटी. किती दिवस म्हणत होते मी तुला. स्वतः का नाही आलीस गं? त्या तुमच्या माणसाबरोबर पाठवलंस. कळलं मला, नाही बघवलं तुला. बरोबर आहे. पण धीराचं काम केलंस हो."

आता यावर माणसाने काय बोलावं? परत दे म्हटलं असतं तर थेल्माने दिलंही असतं. पण मग कुलूप सांगावं लागलं असतं, इम्तियाज सांगावा लागला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात झालं असतं की गिरणीतल्या त्या माणसाने विधवेचं सामान वाटून टाकलं. इम्तियाजबद्दल लोक काय काय बोलले असते तेही नोरीनला चांगलं ठाऊक होतं. ते बोलायला निमित्तच शोधत असत.

"एक पिशवी होती," ती म्हणाली. "गाठ मारलेली."

"काल रविवारी बसून सगळं धुऊन काढलं मी. बघ, कसं टवटवीत दिसतंय."

धुऊन.

नोरीनने मान हलवली. विल्फचे सदरे एका ओळीत टांगलेले होते, साबणाच्या वासाचे, कुणाचेही. आरशासमोर एक आडदांड गडी विल्फचा कोट घालून उभा होता आणि त्याची बायको नाक मुरडत होती.

"बाह्या बघ. मनगटं वीतभर बाहेर."

"अगं, पण ऊब आहे याला."

"ऊब आहे, तू आत मावलास, बाह्या तेवढ्या नाहीत." ती नोरीनकडे वळली. "तुम्हीच सांगा हो, मावशी. शोभतो का?"

नोरीनने बघितलं. खांद्यावर बरा बसला होता.

"बाह्यांत आत कापड दुमडलेलं आहे," ती म्हणाली. "उसवा, लांब होतील."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"असतं असल्या कोटांना."

बायकोने बाही उलटी करून बघितली. "आहे की गं बाई! आणि टाके बघ किती बारीक. कुणी घातलेत कोण जाणे."

कोट गेला. नोरीन तो जाईपर्यंत थांबली. मग थेल्माने काउंटरखालून एक पोतं काढलं. विकता न येण्यासारखं जे असतं, फाटकं, विरलेलं, ते नेहमी नोरीनच्या हवाली होई. ती ते डोंगरावरच्या कुत्र्यांच्या आश्रमात नेऊन द्यायची, अंथरायला.

"यात विल्फचं एक स्वेटर आहे," थेल्मा हळूच म्हणाली. "कोपरं गेलीत, कोण घेणार? हवं असेल तर ठेव हो तुला."

"बघते," नोरीन म्हणाली.

पोतं तिने गिरणीच्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला ठेवलं आणि कामाला लागली.

त्या आठवड्यात ती पोटुशी कुलूप परत घेऊन आली, वर घरची बिस्किटंही. नोरीनने आभार मानून कुलूप ट्रेमध्ये टाकलं. जिन्याखालचा गाळा रिकामा बघून क्रॅबट्रींनी, तिनेच आवरला असं समजून, पिंपं ठेवायला घेतला. दुपारी पाव खायला आता जागा राहिली नव्हती, म्हणून ती ऑफिसात इम्तियाजसमोर बसून खायला लागली.

"काय आंटी, माझी संगत एकदम गोड लागायला लागली?"

"तुझी नाही. तुझ्या बायकोच्या लोणच्याची."

मग तो लोणचं रोज आणायला लागला. दोघं खात. तो बोलायचा, टॅक्सीतली गिऱ्हाइकं, आत्या, मुलीच्या परीक्षा. ती ऐकायची, मधूनच एखादा टोमणा मारायची. दिवा त्याच्या हातवाऱ्यांनी लागलेलाच असायचा. बरं वाटायचं का? बरं किंवा वाईट, असं काही वेगळं लागत नव्हतं तिला. लोणचं आंबट लागायचं, एवढं नक्की.

पोतं मात्र व्हॅनमध्येच राहिलं. उन्हाळा गेला. नोरीन रंगाचे डबे पोचवायची, भंगार पोचवायची, आश्रमाच्या रस्त्याला व्हॅन वळवायची नाही. कधी गाडी बाजूला लावून मागचं दार उघडायची आणि पोत्याकडे बघत उभी राहायची. आत हात घातला नाही. थेल्माने धुतलं आहे, वास नाही, हे ठाऊक होतं. तरी घरी न्यावं की द्यावं, ते ठरत नव्हतं. एवढंच एक उरलं होतं.

इम्तियाज कुरकुरायला लागला. "आंटी, गाडीत ओलट वास येतो. ते पोतं मी उद्या कुत्र्यांना देऊन येऊ?"

"मी नेते."

"चारदा म्हणालात."

"मग पाचव्यांदा म्हणते. तू तुझं चालव."

थेल्मा रस्त्यात भेटली की लोकांना सांगायची, बघा, नोरीनने कसं सावरलं स्वतःला. लोक नोरीनचा दंड दाबून म्हणायचे, शाब्बास. थेल्माला अर्धी गोष्ट ठाऊक, इम्तियाजला उरलेली अर्धी, आणि दोघांनी कधी एकत्र चहा घेतला नाही, म्हणून ते तसंच राहिलं. नोरीनने दोन्ही अर्धी आपल्यापाशी ठेवली.

नोव्हेंबरात एकाएकी थंडी पडली. रस्त्यावरचं पाणी गोठलं, पिंपांवर काचेसारखा पापुद्रा धरला. नोरीन त्या वर्षीचा नाताळ बघायची नव्हती, झोपेतच जायची होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक, तिलाही नाही. आश्रमातून फोन आला, अंथरायला काही असेल तर पाठवा, रात्री फरशी फार गार पडते. इम्तियाजने फोन खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. तो काही म्हणायच्या आत तिने व्हॅनची किल्ली उचलली.

"रस्ता निसरडा आहे, आंटी. मी येऊ बरोबर?"

"काउंटर कोण बघणार, तुझी आत्या?"

ती सावकाश डोंगर चढली. आश्रमाच्या ओट्यावर आल्बी नावाचा तिथला माणूस उभा होता, बोटं फुंकत.

"बऱ्याच दिवसांनी, नोरीन."

"कामं होती."

पोतं ओट्यावर रिकामं केलं. टॉवेल, पडदे, चादरी, आणि सगळ्यांत खाली ते करडं स्वेटर, एका कोपराला ठिगळ, दुसऱ्याला तेही नाही. तिथला रिवाज असा की बटणं, हूक, चेन काढल्याशिवाय कापड आत जात नाही. कुत्री चावून गिळतात. नोरीन नेहमीसारखी पायरीवर बसली, खिशातून कात्री काढली आणि एकेक कापड मांडीवर घेतलं. उशीच्या अभ्र्याची चेन काढली. एका झग्याचे हूक काढले. मग स्वेटर घेतलं.

आल्बीने बघितलं. "चांगलं आहे की हे. कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

"देऊ नकोस मग."

"ऊब आहे याला," नोरीन म्हणाली.

बटणं चामड्याची होती, तिनेच घट्ट बसवलेली, दोरा सुटायला वेळ लागला. एकेक कापून तिने ती खिडकीतल्या डब्यात टाकली, तिथे इतरांची शेकडो होती. हाताने चाचपून पाहिलं, कुठे दोरा, टाचणी राहिली नाही ना. मग घडी करून आल्बीच्या हातात दिलं.

"चहा टाकतोय, थांब."

"नको. पाचच्या आत चर्चला खुर्च्या पोचवायच्या आहेत."

तिने कात्री पुसून खिशात ठेवली, रिकामं पोतं झटकलं, पुढच्या खेपेला लागेल म्हणून घडी घालून व्हॅनमध्ये टाकलं, आणि गाडी उतारावर सावकाश खाली सोडली.